जुनं संसद भवन आता सांभाळायचं कसं?

खडूफळा (धागाकर्ता)

२८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. १९ सप्टेंबरला सगळे खासदार जुन्या इमारतीतून चालत नव्या इमारतीत गेले आणि जुनीला 'संविधान सदन' हे नाव मिळालं. नवी इमारत हवी होती की नको, यावर आपण तेव्हा पोटभर भांडून झालोय. तो वाद परत उकरू नका, हात जोडून विनंती. मला जुनीबद्दल बोलायचंय, कारण तिच्याबद्दल हल्ली कुणीच बोलत नाही.

थोडी उजळणी. नवी दिल्ली आखली तेव्हा मूळ आराखड्यात वेगळं संसदगृह नव्हतंच. १९१९ च्या सुधारणांमुळे मध्यवर्ती विधानसभा, राज्यपरिषद आणि संस्थानिकांचं नरेंद्रमंडळ अशा तीन सभा बसवायची वेळ आली, तेव्हा लुटियन्स आणि बेकर या दोन इंग्रज आर्किटेक्टांनी मिळून ही गोल इमारत उभी केली. १२ फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॅनॉटनी पायाभरणी केली आणि १८ जानेवारी १९२७ ला लॉर्ड आयर्विननी उद्घाटन. खर्च ८३ लाख रुपये. व्यास ५६० फूट, पहिल्या मजल्याच्या व्हरांड्याला १४४ खांब, प्रत्येक खांब २७ फूट उंच.

माझं म्हणणं असं की ही इमारत ९६ वर्षं टिकली, कारण तिच्यात रोज माणसं राबत होती. छत ठिबकलं की कुणीतरी ओरडायचं, आणि ओरडणारा खासदार असला की शिडी घेऊन माणूस लगेच हजर. आता ओरडणार कोण? संग्रहालय करायचं अधूनमधून कानावर येतं. पण आपल्याकडे इमारतीचं संग्रहालय झालं, की तिच्याकडे लक्ष द्यायची जबाबदारी संपली असं सगळे धरून चालतात.

तर प्रश्न दोन. इतकी वर्षं ही इमारत सांभाळली कशी? आणि इथून पुढे सांभाळायची तर तिच्यात नक्की काय चालू राहिलं पाहिजे?

चहाटळ

मी पहिला! खुर्ची टाकून बसलोय. राजकारण नको म्हणालात म्हणजे साधारण सातव्या प्रतिसादापर्यंत येईल.

मृण्मयी_के

छान विषय. कॉलेजात असताना खासदारांच्या पासवर प्रेक्षक गॅलरीत बसलेय. मोबाईल, पर्स, पेन, सगळं बाहेर ठेवून घेतात. आत गेल्यावर मैत्रिणीनं पायावर पाय टाकला तर रक्षकानं लगेच खुणेनं खाली घ्यायला लावला. कामकाजातलं काहीही लक्षात नाही. लक्षात आहेत ते सेंट्रल हॉलचे पंखे! छताला लटकवलेले नाहीत, जमिनीवरून उंच खांब उभे केलेत आणि त्यांच्या टोकाला पंखे उलटे बसवलेत. घुमट इतका उंच की वरून दांडा सोडायचा तर किती लांब सोडणार? आमच्या सरांनी मात्र 'देशाचा कारभार उलटा चालतो म्हणून पंखे उलटे' असं सांगितलं होतं आणि आम्ही वर्षभर तेच खरं मानलं.

बंडूनाना

लुटियन्स आणि बेकर वगैरे ठीक आहे, पण मूळ कल्पना आपलीच. मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर आहे, त्याचा फोटो बघा. तसंच गोल, तसेच ओळीनं खांब, मधे मंडप. इंग्रजांनी उचलेगिरी केली आणि नाव स्वतःचं लावलं.

शिलालेख

@बंडूनाना, मितावलीला जाऊन आलोय. टेकडीवरचं अप्रतिम देऊळ आहे, चौदाव्या शतकातलं मानतात. पण दिसायला सारखं असणं वेगळं आणि त्यावरून घेतलं असणं वेगळं. बेकर किंवा लुटियन्सनी ते देऊळ पाहिलं होतं, त्याची मोजमापं घेतली होती, असं सांगणारा एकही कागद पुढे आलेला नाही. उलट बेकरच्या मनात आधी त्रिकोणी आराखडा होता आणि गोलासाठी हट्ट धरला लुटियन्सनी, हे नोंदलेलं आहे. तीन सभागृहं आणि मधे एक सामाईक दालन बसवायचं म्हटलं की वर्तुळ सोयीचंच पडतं.

शिवाय देवळाचे खांब आतल्या अंगणाकडे तोंड करून आहेत आणि संसदेचे बाहेर, रस्त्याकडे. दोन्हींचे वरून काढलेले फोटो शेजारी ठेवले की सारखे वाटतात. जमिनीवर उभं राहिलं की नाही वाटत.

बंडूनाना

कागद नाही म्हणून झालंच नाही असं कसं? चोर पावती देतो का?

शिलालेख

नाना, या हिशेबानं रोमचं कोलोसियमही मितावलीवरून उचललेलं ठरेल.

चहाटळ

लुटियन्स-बेकर जोडीचं एक आठवलं. राष्ट्रपती भवनाकडे जाणाऱ्या चढामुळे खालून इमारत दिसेनाशी होते यावरून दोघांचं इतकं फाटलं, की लुटियन्स त्या हारीला आपलं 'बेकरलू' म्हणायचा. वॉटर्लूच्या चालीवर. दोन आर्किटेक्ट एका साइटवर ठेवले की हे होणारच. आमच्या सोसायटीच्या गेटला एकच होता तरी तेच झालं.

सिव्हिल_आबा

निवृत्त अभियंता आहे. संसदेवर काम केलेलं नाही, पण दगडी सरकारी इमारतींवर हयात गेली, म्हणून धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नावर लिहितो.

दगडी इमारतीचा पहिला शत्रू पाणी आणि दुसरा सिमेंट. दिल्लीतला हा सगळा वालुकाश्म आहे, धोलपूर आणि आसपासच्या खाणींतला. तो पाणी पितो आणि उन्हात परत सोडतो. दरजांमध्ये चुना असेल तर ओल चुन्यातून निघून जाते. झिजतो तो चुना, दगड शाबूत राहतो. चुना झिजला की दरजा पुन्हा भरायच्या, इतकं साधं काम. पण कुणीतरी घाईनं सिमेंट भरतो, आणि मग ओलीला वाट फक्त दगडातून उरते. क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन साठतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. माझ्या नोकरीच्या काळात एका जुन्या कचेरीवर ठेकेदारानं असंच उरकलं होतं. दोन पावसाळ्यांनंतर मी कमानीच्या नक्षीवर अंगठा टेकवला तर पाकळीची कड साखरेसारखी सुटून तळहातावर आली. सिमेंटची दरजा मात्र जशीच्या तशी, ठणठणीत.

संसदेच्या दगडकामावर अडीच हजार पाथरवट आणि गवंडी होते. तसे हात आज गोळा करायचे म्हटले तरी महिने जातील. म्हणून खर्च करायचाच तर आधी माणसांवर करा.

आता दुसरा भाग. ही इमारत बांधताना उन्हाचा विचार पक्का केला होता. जाड भिंती, उंच छतं, आणि बाहेरून गोल व्हरांडा, म्हणजे ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोचूच नये. वातानुकूलन नंतर आलं. मग त्याचे डक्ट, मायक्रोफोन, भाषांतराच्या वायरी, टीव्ही प्रक्षेपणाच्या केबली, सीसीटीव्ही, इंटरनेट. प्रत्येक वेळी एक भोक नवं आणि जुनी वायर जागेवरच. त्यात १९५६ मध्ये जागा पुरेना म्हणून वर दोन मजले चढवले. त्यामुळे घुमट रस्त्यावरून दिसेनासाच झाला. म्हणजे 'सांभाळली' हे अर्धंच खरं. वापरासाठी रोज थोडी थोडी पोखरली पण.

तरी एक काम मनापासून आवडलेलं सांगतो. शेजारचं ग्रंथालय, राज रेवाल यांचं, २००२ मध्ये झालं. त्यांनी ते मुद्दाम बुटकं ठेवलं. घुमट सोडले तर उंची जुन्या इमारतीच्या जोत्याच्या वर जाऊ दिली नाही. मोठ्या इमारतीच्या शेजारी कसं बांधावं हे बघायचं असेल तर ते बघा.

मृण्मयी_के

आबा, हा प्रतिसाद साठवून ठेवलाय. दरजा भरणं म्हणजे पॉइंटिंगच ना? आमच्या गावच्या देवळात नुकतंच सिमेंटनं झालंय. आता रोज अंगठा टेकवून बघणार.

सिव्हिल_आबा

तेच. अंगठा टेकवू नका, गुरवाला सांगा की पुढच्या वेळी चुना मागा.

गिरगावकर

सगळे हळवे झालेले दिसताय, म्हणून थोडं पाणी ओततो.

लोकसभेच्या जुन्या सभागृहात पुढच्या दोन रांगा सोडल्या तर खासदारांसमोर डेस्क नव्हतं. मांडीवर कागद ठेवून कायदे वाचायचे. संयुक्त बैठकीसाठी सेंट्रल हॉल, त्याची क्षमता ४४० आणि खासदार साडेसातशेच्या पुढे. राष्ट्रपतींच्या अभिभाषणाला ज्यादा खुर्च्या मांडायच्या. २०१५ मध्ये सुमित्राताई महाजन अध्यक्ष असताना त्यांनीच सरकारला पत्र लिहून कळवलं होतं की इमारत थकल्याच्या खुणा दिसतायत, नवीचा विचार करा. त्या काही पुरातन वास्तूंच्या वैरी नव्हत्या.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. रविवारी लोक येऊन लाकडी जिन्याचे फोटो काढायचे, 'किती सुंदर, हेरिटेज' म्हणायचे, आणि आम्ही बादली घेऊन नळाच्या रांगेत. जुन्या वास्तूवरचं प्रेम बाहेरून करायला सोपं असतं. संसदेचं तेच झालं. आत बसणाऱ्यांना विचारा.

आणि भूकंपाचं काय? इमारत बांधली तेव्हा दिल्लीचा धोका कमी धरला होता. नंतर दिल्ली झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेली. हे नव्या इमारतीसाठी सरकारनं दिलेलं अधिकृत कारण होतं.

सिव्हिल_आबा

@गिरगावकर, डेस्कचं आणि जागेचं मान्य. भूकंपाचं अर्धं. जुनी दगडी इमारत भूकंपासाठी मजबूत करता येतच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन तर भूकंपाच्या तोंडावरच बसलंय. तिथल्या जुन्या पार्लमेंट हाऊसच्या खाली १९९० च्या दशकात चारशेहून जास्त रबर आणि शिशाचे बेअरिंग बसवले. भिंती थोड्या थोड्या करत पायापासून सोडवायच्या, मधे बेअरिंग सरकवायचं, पुढे जायचं. जमीन हलली तरी इमारत सावकाश डुलते. खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, पण होतं. नवी बांधायला बाकी कारणं पुरेशी होती, हे एक कारण जरा ताणलेलं होतं इतकंच.

आणि आता खासदार गेलेत, इमारत मोकळी आहे, तर हे काम करायला याहून चांगली वेळ कुठली?

टेम्सकाठचा_बाळू

लंडनहून. इथल्या वेस्टमिन्स्टरची कथा ऐकली तर तुम्हाला दिल्लीचं कौतुक वाटेल.

१८३४ मध्ये जुना राजवाडा जळाला. कारण काय, तर हिशेबाच्या जुन्या लाकडी खुणकाठ्या नकोशा झाल्या म्हणून तळघरातल्या भट्ट्यांत घालून जाळत होते. भट्टी भडकली आणि पार्लमेंट गेलं. वाचला तो मुख्यतः वेस्टमिन्स्टर हॉल, १०९७ चा. मग चार्ल्स बॅरी आणि प्युजिन यांनी आजची इमारत बांधली. तिला निवडलेला चुनखडीचा दगड लंडनच्या धुरात काही वर्षांतच झिजायला लागला. आबांना बरं वाटेल, दगड निवडायला समिती नेमली होती!

आज तळघरात वाफेचे, गॅसचे, पाण्याचे पाइप आणि विजेच्या केबली एकमेकांच्या अंगावर. भिंतींत ॲस्बेस्टॉस. आगीची भीती इतकी की रात्रंदिवस गस्त घालायला माणसं ठेवलीत. एप्रिल २०१९ मध्ये सभागृहाच्या वरच्या गॅलरीत पाणी बदाबदा पडायला लागलं आणि कामकाज थांबवावं लागलं. २०१८ मध्येच खासदारांनी ठराव केला होता की सगळे काही वर्षं बाहेर पडू आणि इमारत नीट करू. अजून कुणी बाहेर पडलेलं नाही. म्हणजे खडूफळांच्या सिद्धांताच्या विरुद्ध. इथं माणसं आत आहेत म्हणूनच दुरुस्ती होत नाही. बसलेली माणसं उठायला तयार नाहीत.

जाता जाता. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनं कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त झालं आणि १९५० मध्ये नवं उघडलं, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी वस्तू भेट दिल्या. सभागृहाची दारं भारतानं आणि पाकिस्ताननं दिलेली आहेत. फाळणीला तीन वर्षं झाली होती आणि दोघांच्या भेटी एकाच सभागृहाला. टूरवर गेलात तर विचारा, गाइड दाखवतात.

खडूफळा

@बाळू, सुंदर उदाहरण आणि नेमकं माझ्याविरुद्ध. पण बघा, तिथं पाणी पडलं तेव्हा जगभर बातमी झाली. रिकाम्या सभागृहात पडलं असतं तर कळलंही नसतं. वापर म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मान्य. पण वापर म्हणजे पहारा तरी आहेच.

चहाटळ

पाण्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या नव्या इमारतीच्या लॉबीतही ठिबकलं. काचेच्या घुमटाचा चिकटवलेला सांधा सरकला होता म्हणे. खाली बादली ठेवलेला व्हिडिओ घरोघरी पोचला. जुनी इमारत शेजारून बघत असेल, 'ये बाळा, बस'.

बंडूनाना

सातवा प्रतिसाद होऊन बराच वेळ झाला, राजकारण अजून आलेलं नाही. नवल आहे.

कावेरी१७

देखभाल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माकडं येतात. आम्ही दिल्लीत काही वर्षं होतो. रायसीना टेकडीच्या पट्ट्यात माकडांचं राज्य. फायली पळवतात, वायरी ओढतात, पत्र्यावर नाचतात. पूर्वी वानर घेऊन फिरणारी माणसं ठेवायचे. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, तेव्हा वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली! २०१४ मध्ये मंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तरच दिलंय, अशी चाळीस प्रशिक्षित माणसं आहेत म्हणून. मी स्वतः ऐकलंय. झाडाखाली साध्या शर्टातला माणूस उभा, दोन्ही हात तोंडाशी, आणि असा काही खोल हुप्प काढला की माझी पोरगी मला चिकटली. माकडं मात्र दोन फांद्या वर सरकून शांतपणे खाली बघत बसली.

चहाटळ

नोकरीच्या अर्जात 'अनुभव' या रकान्यात काय लिहीत असतील?

गिरगावकर

'संसदीय कामकाजाचा अनुभव'.

शिलालेख

हा हा. कामकाजावरून आठवलं, त्या इमारतीत जागोजागी संस्कृत वचनं आहेत. लोकसभेत अध्यक्षांच्या आसनावर 'धर्मचक्रप्रवर्तनाय'. सेंट्रल हॉलच्या दारावर 'अयं निजः परो वेति', ते 'वसुधैव कुटुम्बकम्' वालं. आणि एका लिफ्टपाशी महाभारतातलं 'न सा सभा यत्र न सन्ति वृद्धाः', म्हणजे जिथं वृद्ध नाहीत ती सभाच नव्हे. लिफ्टसाठी याहून चपखल वचन सापडणार नाही.

पण मला वेगळा मुद्दा मांडायचाय. त्या इमारतीच्या खोल्या सतत काम बदलत आल्या आहेत. सेंट्रल हॉल मुळात ग्रंथालय होतं. १९४६ मध्ये तिथली पुस्तकं हलवून बाकं मांडली आणि ९ डिसेंबरला संविधान सभा बसली. भिंतीवर अखंड हिंदुस्थानातल्या बारा प्रांतांची सोनेरी चिन्हं तशीच राहिली. संस्थानिकांसाठी बांधलेल्या दालनात आधी फेडरल कोर्ट बसलं आणि जानेवारी १९५० पासून १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय. पुढे तिथं ग्रंथालय आलं. ज्या सभागृहात ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी गॅलरीतून बॉम्ब टाकले, तिथंच पुढे लोकसभा बसली. दादासाहेब मावळंकर, मूळ घराणं रत्नागिरीकडचं, स्वातंत्र्याआधी मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष म्हणून त्या आसनावर होते आणि १९५२ नंतर लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून परत त्याच आसनावर.

म्हणून 'मूळ रूपात जतन करा' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न. कुठलं मूळ रूप? १९२७ चं ठेवायचं तर संविधान सभेची बाकं काढून पुस्तकांची कपाटं आणावी लागतील.

मृण्मयी_के

हे भारी आहे. यावर स्वतंत्र लेख लिहा की.

वऱ्हाडी_ठेचा

नव्या संसदेचं सागवान आमच्या नागपूरचं आहे, तेवढी नोंद घ्या मंडळी. उगाच दिल्ली-लंडन चाललंय केव्हाचं.

पर्वरीकर

गोव्याचा अनुभव सांगतो. पणजीत मांडवीकाठी आदिलशहाचा राजवाडा आहे. पोर्तुगीजांनी तिथून राज्य केलं, आणि मुक्तीनंतर आमची विधानसभा पण तिथंच. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला टेकडीवर गेली. मग जुन्याचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं चर्चा. कलादालन करा, संग्रहालय करा, सांस्कृतिक केंद्र करा. प्रदर्शनं झाली, डागडुजी झाली. पण वडील तिथं कामानिमित्त रोज जायचे, तेव्हाची वर्दळ परत आली नाही. इमारत देखणी आहे, रंग ताजा आहे, आणि संध्याकाळी फेरी धरायला पळणारा माणूस तिच्याकडे मान वळवूनही बघत नाही. खडूफळांची काळजी मला कळते.

गिरगावकर

पर्वरीकर, याच्या उलटही होतं. मुंबईत रीगलसमोर खलाशांचं वसतिगृह म्हणून बांधलेली इमारत आहे. नंतर ती कौन्सिल हॉल झाली, राज्य झाल्यावर विधानसभाही तिथंच भरायची. १९८१ मध्ये विधान भवन नरीमन पॉइंटला गेलं आणि तिथं राज्य पोलिसांचं मुख्यालय आलं. पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये आजही सरकारी बैठका होतात. आणि दिल्लीतच, ही गोल इमारत तयार होईपर्यंत मध्यवर्ती सभा सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयात भरायची. तिथं आता दिल्लीची विधानसभा आहे. संग्रहालयाचा हट्ट न धरता साधं ऑफिस केलं, की इमारती मुकाट जगतात. माझं मत विचाराल तर संविधान सदनात दोन-तीन आयोगांची कार्यालयं टाका आणि मोकळे व्हा.

शिलालेख

ऑफिस टाकलं की सहा महिन्यांत सनमायकाचं पार्टिशन उभं राहतं. नको.

सिव्हिल_आबा

आणि पार्टिशनमागे वाळवी. सेंट्रल हॉलचं लाकूडकाम, बाकं, गालिचे हे सगळं माणसांच्या वावरानं आणि एसीमुळे कोरडं राहत होतं. दालन बंद ठेवून एसी काढून घेतला की दिल्लीच्या श्रावणात आतली हवा दमट होते. वाळवीला अधिवेशनाची वाट बघावी लागत नाही. बंद ठेवायचंच असेल तर खिडक्या उघडायला, गच्चीवरच्या पन्हळी साफ करायला आणि फटीतलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असताना उपटायला पगारी माणूस पाहिजे. रोप मोठं झालं की मग निविदा, मग क्रेन, मग उद्घाटन.

कावेरी१७

पुतळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. आवारातला १६ फुटी ध्यानस्थ गांधीजींचा पुतळा आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांचा. बाबासाहेबांचा, हात पुढे केलेला, ब्रह्मेश वाघांचा, १९६७ चा. जून २०२४ मध्ये सगळे पुतळे हलवून आवारातच प्रेरणा स्थळ केलंय. आंदोलन करायचं तर गांधीजींसमोर उभं राहायचं, अशी खासदारांची सवय होती. इमारतीइतकाच तोही वापराचा भाग होता असं मला वाटतं.

बंडूनाना

आलं बरं का राजकारण. चहाटळ, तुमचा अंदाज थोडा चुकला, पण आलं.

कावेरी१७

नाना, शिल्पकारांबद्दल लिहिलंय मी. तुम्ही वाचलंत काय!

खडूफळा

विषयावर येऊ या. नव्या इमारतीत सेंट्रल हॉलसारखं दालनच नाही, संयुक्त बैठक लोकसभेच्याच सभागृहात होते. पक्ष, सभागृह, वय विसरून खासदार आणि जुने पत्रकार कॉफी पीत बसायचे ती जागा गेली. (कॅन्टीनचं स्वस्त जेवण त्याआधीच, २०२१ ला अनुदान थांबलं तेव्हा गेलं. त्याबद्दल कुणी अश्रू ढाळू नयेत.) संविधानाला ७५ वर्षं झाली तेव्हा २६ नोव्हेंबर २०२४ चा कार्यक्रम मात्र जुन्या सेंट्रल हॉलमध्येच झाला. म्हणजे दार बंद नाही. मग ते वर्षातून एकदा उघडण्यापेक्षा ठरावीक कामासाठी नियमित का उघडू नये? उदाहरणार्थ, वर्षातून एक अधिवेशन तिथंच भरवा.

गिरगावकर

दोन-दोन इमारतींची सुरक्षा, दोन ठिकाणचं प्रक्षेपण, भाषांतर, सगळा पसारा. एका अधिवेशनासाठी? खर्च कुणाच्या खिशातून?

वऱ्हाडी_ठेचा

आता मात्र बोललंच पाहिजे, कारण हा प्रयोग आम्ही गेली कित्येक वर्षं भोगतोय.

नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. डिसेंबर आला की इकडे विधान भवनाला रंग, आमदार निवासाला रंग, रविभवनाला रंग. गिझर बदलतात, गळके नळ बदलतात, रस्त्यावर डांबर पडतं, दुभाजकावर कुंड्या येतात. आम्ही नावं ठेवतो, की आठ-दहा दिवसांसाठी एवढे पैसे, आणि मंडळी हुरडा खाऊन परत जातात. ठेवायचीच नावं. पण खडूफळांनी विचारलंय म्हणून खरं सांगतो. अधिवेशन भरत नसतं तर त्या विधान भवनाकडे उरलेले अकरा महिने कुणी ढुंकून बघितलं नसतं. साहेब येणार म्हटल्यावरच आपल्याकडे झाडू हलतो. मग दिल्लीला पण साहेबांना वर्षातून एकदा पाठवा जुन्या घरात.

सिव्हिल_आबा

ठेचाभाऊ, यात मी एकच भर घालतो. रंग देऊ नका. दगडाला रंग देणाऱ्याला आधी हाकला. बाकी योजना मंजूर.

गिरगावकर

ठीक आहे, एक आठवडा. पण डेस्कचं काय? परत मांडीवर कागद?

शिलालेख

संविधान सभेत कुणी तक्रार केल्याची नोंद वाचनात नाही.

गिरगावकर

ते त्या कागदांवरचं वाचायचे हो.

चहाटळ

गिरगावकरांना या धाग्यापुरतं भारतरत्न. ठेचाभाऊ, हुरडा पार्टी कधी ठेवताय? अधिवेशन नसताना आलं तर चालेल का, की रस्त्याला खड्डे असतील?

वऱ्हाडी_ठेचा

जानेवारीत या. डांबर तोवर टिकतं.